वाघिणींची मोजदाद

रेल्वेचे फाटक बंद झाले की रस्त्यावर खोळंबलेल्या मंडळींचे दोन पक्ष पडतात. मोठी माणसे घड्याळाकडे पाहून चुकचुकतात, तर मुले पुढे सरसावून वाघिणी मोजू लागतात. 'वॅगन' या परक्या शब्दाची मराठी जिभेने 'वाघीण' करून टाकली आणि त्या एका शब्दाने मालगाडीविषयीचे भय व कौतुक दोन्ही मुलांच्या मनात कायमचे वस्तीला आले. मोजदाद संपते न संपते तोच शेवटचा डबा निघून जातो, फाटक उघडते आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. ती गाडी कोठून आली, तिच्यात काय होते आणि ती कोणासाठी चालली होती, हे प्रश्न मात्र तेथेच राहून जातात.

वाचकहो, या प्रश्नांसाठी एक संपूर्ण दिवस खर्ची घालण्याचा योग मला या हिवाळ्यात आला. ठिकाण होते मध्य प्रदेशातील जबलपूरचे रांझी हे उपनगर आणि सोबतीला होता तेथेच राहणारा माझा एक जुना मित्र. प्रवासाला निघणारी माणसे बहुधा भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाधार धबधबा पाहण्यासाठी जबलपूरला जातात. तेही अवश्य पाहावेत. परंतु मालगाड्या पाहण्यासाठी कोणी जबलपूरला गेल्याचे ऐकिवात नसेल, म्हणूनच ही हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहे.

रांझी शहराच्या पूर्वेस आहे. ती कामगारांची वस्ती. १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ मधील लष्करी वाहनांचा कारखाना यांच्या आसऱ्याने हा परिसर वाढला. देशाच्या नाना प्रांतांतून माणसे येथे पोटापाण्यासाठी आली व स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि पुढे १९५६ पर्यंत ज्या प्रांतात ते मोडत असे त्याची राजधानीही नागपूरच होती. रांझीच्या बाजारात हिंदी बोलता बोलता एखादी गृहिणी आपल्या मुलाला मराठीत दटावते, तेव्हा हा सारा इतिहास एका वाक्यात ऐकू येतो.

रांझीहून थोड्याच अंतरावर अधारताल नावाचे लहानसे रेल्वे स्थानक आहे. राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांच्या नावाच्या तलावावरून या भागाला हे नाव पडले. स्थानक लहान, पण मार्ग मोठा मातब्बर. १८६७ साली अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेची लोहवाट जबलपूरपर्यंत आली आणि १८७० च्या मार्च महिन्यात भुसावळ-इटारसीकडून आलेली जी. आय. पी. रेल्वेची लोहवाट तिला येऊन मिळाली. मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे रुळांनी प्रथम जोडली गेली ती या जबलपूरमध्ये. आपल्या गोंदियाहून सातपुड्याच्या रानातून जबलपूरला येणारी अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी पुष्कळांच्या आठवणीत असेल. ती २०१५ मध्ये थांबली आणि त्या जागी आता रुंद मार्ग झाला आहे. २००३ पासून जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. २०२१ मध्ये आपले सर्व मार्ग विजेवर आणणारा देशातील पहिला रेल्वे विभाग होण्याचा मान याच विभागाने मिळविला.

प्लॅटफॉर्म तिकिटाची मुदत दोन तासांची असते. तेव्हा आम्ही बेत असा आखला की, सकाळी दोन तास बसावे, दुपारी रांझीला घरी जेवावे आणि तिसऱ्या प्रहरी नवे तिकीट काढून पुन्हा दोन तास बसावे. प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे एका बाकावर आम्ही ठाण मांडले. अंगावर कोवळे ऊन येत होते. माझ्या हातात चहाचा पेला होता आणि मित्राच्या हातात शाळकरी वही. त्या वहीत तो इंजिनांचे क्रमांक आणि गाड्यांचा माल लहानपणापासून टिपत आला आहे.

पहिली गाडी कटनीच्या बाजूने आली. "भरलेली आहे," मित्र ती दिसण्यापूर्वीच म्हणाला. मी विचारले, "तुला कसे कळले?" तो म्हणाला, "भरलेली गाडी दबकत येते, रिकामी खणखणत येते. ऐक म्हणजे कळेल." खरोखरच, कोळशाने शिगोशीग भरलेल्या उघड्या वाघिणी जड, दबका नाद करीत आमच्यासमोरून सरकू लागल्या. पायाखालची फरशी मंद कापत होती. आम्ही मोजल्या, अठ्ठावन्न भरल्या. हा आकडा उगाच ठरलेला नाही. अशी एक वाघीण १० मीटरांहून थोडी लांब असते. अठ्ठावन्न वाघिणी, इंजिन आणि मागचा गार्डाचा डबा मिळून गाडी साडेसहाशे मीटरांच्या घरात जाते. वाटेत मागून प्रवासी गाडी आली तर मालगाडीला बाजूच्या लूप मार्गावर उभे करावे लागते. आणि गाडी त्या लूपमध्ये मावली पाहिजे. म्हणजे मालगाडीची लांबी ठरते ती दुसऱ्यासाठी बाजूला उभे राहण्याच्या सोयीने!

आता थोडा घरगुती हिशेब करू. अशा एका गाडीत सुमारे ३,८०० टन कोळसा असतो. एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर या गाडीतून सुमारे ५४ लाख युनिट वीज होते. महिन्याला १५० युनिट जाळणारे कुटुंब घेतले, तर तारांतील गळती वगळता ही एक गाडी ३६,००० घरांचे महिनाभराचे दिवे, पंखे आणि पाण्याचे पंप चालविते. हाच कोळसा २५ टनांच्या ट्रकांतून न्यायचा म्हटले तर दीडशेहून अधिक ट्रक रस्त्यावर आणावे लागतील. जबलपूरच्या पुढे इटारसीच्या वाटेवर गाडरवारा येथे १,६०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेवढे एकच केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायचे तर दररोज अशा सहा-सात गाड्या तेथे रिकाम्या व्हाव्या लागतील. आपल्या घरातील बटण दाबताच दिवा लागतो, त्यामागे अशी एक रांग अहोरात्र चाललेली असते.

दुसरी गाडी उलट दिशेने, रिकामी. तिचा खणखणाट काय वर्णावा! भांड्यांचे दुकानच जणू रुळांवरून पळत होते. तिच्यामागून बंद वाघिणींची गाडी आली. दारांच्या फटींवर करड्या भुकटीचा थर होता. सतना, मैहर आणि कटनीजवळचे कैमूर हा सारा चुनखडीचा मुलूख. तेथील सिमेंट याच वाटेने दूरदूर जाते. चौथी गाडी पाहून मात्र मी चकित झालो. डबे प्रवासी गाडीचे, पण खिडक्या पत्र्यांनी बंद केलेल्या. मित्राने खुलासा केला की, प्रवाशांची सेवा करून म्हातारे झालेले हे डबे आहेत. त्यांतील बाके काढून टाकतात, टोकाला मोठी दारे बसवितात आणि मग त्यांतून नव्या कोऱ्या मोटारी पाठवितात. निवृत्तीनंतर नवी नोकरी, असे तो हसत म्हणाला. पाचवी गाडी रंगीबेरंगी कंटेनरांची होती.

एक गाडी लूपमध्ये थांबली तेव्हा मित्राने मला वाघिणीवरील क्रमांक वाचायला शिकविले. मुलांना हा खेळ फार आवडेल, म्हणून येथे देतो. प्रत्येक वाघिणीवर ११ अंकी क्रमांक असतो. उदाहरणादाखल १० ०१ ११ ४२७३ ६ हा क्रमांक घ्या. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात. १० पासून २९ पर्यंतचे आकडे उघड्या वाघिणींचे, ३० पासूनचे बंद वाघिणींचे, ४० पासूनचे टाक्यांचे. पुढचे दोन अंक कोणत्या रेल्वेची मालकी ते सांगतात. ०१ म्हणजे मध्य रेल्वे. नंतरचे दोन अंक बांधणीचे वर्ष, येथे २०११. पुढील चार अंक त्या वाघिणीचे स्वतःचे. आणि शेवटचा एकटा अंक पहारेकऱ्यासारखा. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या स्थानांवरील अंकांची बेरीज करा, ती ७. तिची तिप्पट २१. उरलेल्या स्थानांवरील अंकांची बेरीज १३. दोन्ही मिळून ३४. पुढील पूर्ण दशक ४०. त्यात कमी पडतात ६. तोच शेवटचा अंक! क्रमांक टिपताना एखादा अंक चुकला तर हिशेब जुळत नाही आणि चूक ताबडतोब ध्यानात येते. देशभर फिरणाऱ्या लाखो वाघिणी हरवत नाहीत, याला अशा साध्या गणिताचाही हातभार आहे.

जेवायला रांझीला परतलो. जबलपूरचा मटार नामांकित आहे आणि हंगाम ऐन भरात होता. मित्राच्या मातोश्रींनी, म्हणजे काकूंनी, मटाराची उसळ, पोळ्या आणि शेवटी येथली प्रसिद्ध खव्याची जिलबी वाढली. माझ्या मित्राचे वडील मालगाडीवर गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांनी रांझीत हे घर बांधले. ते आता हयात नाहीत. त्यांची लोखंडी पेटी मात्र ओसरीच्या कोपऱ्यात आहे. लाल आणि हिरवा झेंडा, हातदिवा, धोक्याच्या वेळी रुळांवर लावायचे फटाके, औषधांचा डबा असे सामान अशा पेटीत भरून गार्ड कामावर निघत असे.

"गाडीला वेळापत्रक नव्हतं, म्हणून आमच्या घरालाही नव्हतं," काकू म्हणाल्या. प्रवासी गाडीचा गार्ड कधी परतेल ते घरच्यांना ठाऊक असते. मालगाडी मात्र मार्ग मोकळा होईल तशी चालते. रात्री-बेरात्री निरोप्या दार ठोठावी, वहीत सही घेई आणि वडील डबा घेऊन निघत. ते उद्या येतील की परवा, हे सांगता येत नसे. एका दिवाळीत पहाटेपासून तेल-उटणे काढून ठेवले होते. वडील आले दिवेलागणीला. त्या घरी त्या वर्षी नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान संध्याकाळी झाले! सर्वांची स्नाने काकूंनी त्यांच्यासाठी थांबवून ठेविली होती. "मुलं रडली, पण मी कोणाला न्हाऊ दिलं नाही," असे सांगताना काकूंना हसू येत होते आणि डोळेही भरून आले होते.

गाडीच्या शेवटच्या डब्यात तो एकच माणूस असतो. इंजिनातील सोबती सहाशे मीटरांहून दूर. कित्येक वर्षे बहुतेक अशा डब्यांत विजेचा दिवा नव्हता की शौचालय नव्हते. थंडीच्या रात्री रानात लूपमध्ये गाडी तासन्‌तास उभी असे आणि हा माणूस कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहीत बसे. २०२२ पासून गार्ड हे नाव जाऊन 'ट्रेन मॅनेजर' हे नवे नाव आले. नाव बदलले, तरी गाडीच्या मागील टोकाची जबाबदारी तीच आहे.

तिसऱ्या प्रहरी पुन्हा अधारतालला गेलो. या वेळी पहिली आली ती धान्याची गाडी. बेचाळीस बंद वाघिणींच्या अशा गाडीत साधारण २,६०० टन धान्य असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. म्हणजे या एका गाडीत ५ लाख २० हजार माणसांचा महिन्याचा शिधा होता. रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभे राहताना हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे क्वचितच येते. पुढची गाडी तेलाच्या टाक्यांची. तिच्यामागे आले दोन जोडभागांचे एक विशाल इंजिन. बिहारमधील मधेपुरा येथे बांधलेली ही इंजिने १२,००० अश्वशक्तीची आहेत. २०२० पासून ती कामावर आहेत आणि त्यांची देखभाल सहारनपूर व आपल्या नागपूर येथे होते.

त्या इंजिनाच्या खिडकीतून एका तरुणीने स्थानकातील कर्मचाऱ्याशी हिरव्या झेंड्याची खूण केली. मित्राने वहीतून मान वर केली नाही. त्याला यात नवे काही वाटले नाही. मला मात्र साताऱ्याच्या सुरेखा यादव आठवल्या. १९८६ साली त्या साहाय्यक चालक म्हणून रेल्वेत दाखल झाल्या आणि आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. त्यांचा आरंभही मालगाडीवरच झाला. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी उघडलेल्या वाटेवरून अनेक मुली पुढे निघाल्या होत्या.

शेवटची नववी गाडी रिकामी गेली. प्रत्येक गाडी जाताना मित्र एक गोष्ट न चुकता करीत होता: सर्वांत मागच्या डब्यावरील पाटी पाहणे. 'एल. व्ही.' या अक्षरांची ती पाटी, किंवा रात्री तांबडा दिवा, दिसला म्हणजे गाडी सबंध आली, वाटेत तुटून मागे काही राहिले नाही, असे स्थानकातील माणूस समजतो. आणि मगच मागच्या गाडीला वाट मोकळी होते. ही सवय मित्राला वडिलांनी लावली. लहानपणी तो पाटी पाहत नसे, पाटीजवळ उभे असलेले वडील पाहत असे, एवढाच फरक.

वाचकहो, आता या दिवसाने मला जे शिकविले ते सांगतो. आपण प्रवासी गाडीचे तिकीट काढतो आणि प्रवासाचा सारा खर्च आपण दिला असे समजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शंभर रुपये खर्चाच्या प्रवासी सेवेचे सरासरी ५४ रुपयेच घेतले जातात, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. उरलेला भार कोण उचलते? २०२३-२४ मध्ये रेल्वेला प्रवाशांकडून सुमारे ७० हजार कोटी रुपये मिळाले, तर मालवाहतुकीतून सुमारे १ लाख ६८ हजार कोटी. जी मालगाडी आपल्या गाडीसाठी लूपमध्ये तिष्ठत उभी राहते, तीच आपल्या तिकिटाचाही वाटा उचलते. सुटीत आजोळी जाणारी मुले, उपचारांसाठी शहरात येणारे रुग्ण, परीक्षेला निघालेले विद्यार्थी, या सर्वांचे भाडे काही अंशी त्या काळ्या वाघिणींनी भरलेले असते.

दुसरी गोष्ट काळजीची आहे. १९५०-५१ मध्ये रेल्वेने सुमारे ७ कोटी ३० लाख टन माल वाहिला. २०२३-२४ मध्ये सुमारे १५९ कोटी टन. वाढ मोठी खरी; पण त्या काळी देशातील बहुतेक माल रेल्वेने जाई आणि आज रेल्वेचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरतो. बाकीचा रस्त्याने जातो. काकूंच्या ताटातील मटाराचेच पाहा. रांझीजवळच्या शेतांतून तो निघतो आणि ट्रकने दूरच्या बाजारांत जातो. कारण उघड आहे. मालगाडीचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. नाजूक भाजीला तेवढी सवड कोठली? यावर प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघालेली पहिली किसान रेल याच जबलपूरवरून गेली होती. मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गही बांधण्यात आले असून त्यांवर गाड्यांचा वेग दुपटीहून अधिक आहे. मालगाडीला स्वतःची वाट मिळाली तर रस्त्यावरील धूर, गर्दी आणि अपघात कमी होतील. आणि कदाचित एखाद्या घरातील दिवाळीचे स्नान वेळेवर होईल.

आपणही एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जवळच्या स्थानकावर जा. भुसावळ, मनमाड, वर्धा, दौंड, मिरज, मडगाव, कोठेही हा खेळ तितकाच रंगतो. प्लॅटफॉर्म तिकीट काढावे, कडेपासून दूर बसावे आणि रुळांवर पाऊल टाकू नये. १९८९ च्या रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच. लष्करी सामानाच्या गाडीची छायाचित्रे घेऊ नयेत. एक वही आणि पेन्सिल पुरे. मुलांना आवाजावरून भरलेली गाडी ओळखू द्या, शेवटच्या अंकाचे गणित सोडवू द्या आणि घरी परतल्यावर स्वयंपाकघरातील कोणकोणती वस्तू वाघिणीतून आली असेल त्याची यादी करू द्या.

आणि गाडी संपत आली म्हणून उठण्याची घाई करू नका. शेवटच्या डब्यावरील पाटी पाहा. तिच्याजवळ कोणी उभे असेल तर मुलांना हात हलवायला सांगा. आम्ही त्या दिवशी प्रत्येक वेळी हलविला आणि बहुतेक वेळा पलीकडून हात वर झाला.